रॉम टाकायची आहे? आधी रेंज बघा

गणपतीला मुंबईहून येणाऱ्या सामानात हल्ली एक जुना फोन हमखास असतो. चाकरमान्याने नवा घेतलेला असतो, जुना गावी आईला नाहीतर भाच्याला. फोन चार-पाच वर्षांचा, कंपनीने अपडेट थांबवलेले, बॅटरी दुपारीच मान टाकते. मग कुणीतरी सांगतं, "कस्टम रॉम टाक, कर्नल बदल, नव्यासारखा पळेल." सल्ला खोटा नाही, अर्धा आहे. उरलेला अर्धा खाली देतो.

आधी दोन शब्द नीट लावून घेऊ. मासेमारीच्या नौकेवर तांडेल असतो. जाळं कधी टाकायचं, इंजिन किती रेटायचं, कुठल्या खलाशाने काय करायचं हे तो ठरवतो, आणि मोजकं डिझेल परत येईपर्यंत पुरवायची जबाबदारीही त्याचीच. फोनमध्ये हे काम कर्नल करतो. ॲपला कॅमेरा हवा, स्पीकर हवा, प्रोसेसरचा वेळ हवा, तर ते कर्नलकडे मागतं. हार्डवेअरला परस्पर हात लावायची मुभा त्याला नसते. अँड्रॉइडचा कर्नल म्हणजे लिनक्सच, त्यात चिप बनवणाऱ्याने आणि फोन बनवणाऱ्याने आपापली भर घातलेली. रॉम म्हणजे तांडेलासकट अख्खी नौका: कर्नल, वरची अँड्रॉइडची चौकट, सेटिंग, लाँचर, सोबतची ॲप्स. (रॉम हा शब्द खरं तर चुकीचा रुळलाय. मूळ अर्थ फक्त वाचता येणारी मेमरी, आणि आपण तर ती पुसून लिहायला बसतो.) कस्टम रॉम, म्हणजे कंपनीबाहेरच्या कुणी बनवलेली, टाकली की तिचा कर्नल तिच्यासोबत येतोच. कस्टम कर्नल टाकणं म्हणजे नौका तीच ठेवून फक्त तांडेल बदलणं. नवा तांडेल कितीही हुशार असो, ही नौका त्याच्या हातची नसेल तर तो ती खडकावर घालणार.

बॅटरी नेमकी कोण खातंय

कोकणात रॉम बदलायला निघालेल्यांची पहिली तक्रार बॅटरीची असते, आणि तिचं कारण बऱ्याचदा रॉममध्ये नसतंच. टॉवर डोंगरापलीकडे, वाडी खोऱ्यात, घर जाड चिऱ्याचं. रेंजची एक काडी येते आणि जाते. टॉवर जितका लांब तितका फोनचा मोडेम (टॉवरशी बोलणारा भाग) जोरात ओरडतो, आणि रेंज गेली की नव्या टॉवरच्या शोधात राहतो. 5जी, 4जी, 2जी असं वरखाली करण्यातही बॅटरी जाते. मोडेमला स्वतःचा वेगळा प्रोसेसर आणि स्वतःचं बंदिस्त फर्मवेअर (हार्डवेअरच्या आतलं सॉफ्टवेअर) असतं. रॉम बदलली, कर्नल बदलला, तरी हे फर्मवेअर सहसा जसंच्या तसं राहतं.

म्हणून आधी दोन रात्रींची मोजणी करा. पहिल्या रात्री झोपताना बॅटरी किती ते लिहून एअरप्लेन मोड लावा आणि सकाळी आठ तासांनी बघा. दुसऱ्या रात्री सिम चालू, पण वायफाय आणि डेटा बंद. समजा, पहिल्या रात्री 2 ते 3 टक्के उतरली आणि दुसऱ्या रात्री 15, तर खाणारा मोडेम आहे. अशा वेळी नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 5जी बंद करून फोन 4जीवर ठेवणं, फोन खिडकीशी ठेवणं, घरात ब्रॉडबँड असेल तर वायफाय कॉलिंग चालू करणं, हे तीन उपाय कुठल्याही कर्नलपेक्षा जास्त देतात.

पहिल्याच रात्री, एअरप्लेन मोडमध्येसुद्धा, 10-12 टक्के गेली तर मात्र एखादं ॲप किंवा ड्रायव्हर फोनला झोपू देत नाहीये. इथे रॉम किंवा कर्नल बदलून फरक पडू शकतो. आणि 25-30 टक्के दिसत असताना फोन अचानक बंद पडत असेल तर बॅटरीच थकली आहे. ती बदला, रॉमचा विषय नंतर. मागचं झाकण उचललं गेलं असेल तर बॅटरी फुगली आहे. तो फोन चार्जिंगला लावू नका आणि फ्लॅशिंग, म्हणजे रॉम टाकणं, तर मुळीच नको.

कुलूप उघडतं का

फोन चालू करताना सगळ्यात आधी बूटलोडर चालतो. पुढे येणाऱ्या कर्नलवर कंपनीची सही आहे का ते तो तपासतो. ही तपासणी सैल करणं म्हणजे अनलॉक करणं, आणि सगळ्या कंपन्या ते करू देत नाहीत. पिक्सेलवर एका कमांडचं काम आहे, बहुतेक वनप्लसवरही तसंच. मोटोरोलाच्या अनेक मॉडेलना कंपनीच्या साइटवरून कोड घ्यावा लागतो. शाओमीत खातं फोनशी जोडावं लागतं. हे जोडताना वायफाय बंद आणि सिमचा डेटा चालू हवा, नाहीतर जोडणी होत नाही. एमआययूआय या शाओमीच्या जुन्या प्रणालीच्या काळात त्यानंतर बहुधा 168 तास, म्हणजे पुरते सात दिवस थांबायला लागायचं. तिच्या जागी हायपरओएस आल्यावर अटी आणखी कडक झाल्या. सॅमसंगच्या ज्या फोनवर अनलॉक होतं, त्यात कस्टम रॉम टाकताच नॉक्स या त्यांच्या सुरक्षा यंत्रणेचा फ्यूज कायमचा उडतो आणि सिक्युअर फोल्डरसारख्या सोयी पुन्हा मिळत नाहीत, मूळ रॉम परत टाकली तरी. हुआवेने 2018 मध्ये कोड देणं बंद केलं. विवोच्या फोनवर सरळ वाट नाही. पैसे घेऊन दुरून संगणकाचा ताबा मागणाऱ्यांच्या नादी लागू नका.

अनलॉक करताना फोन पूर्ण पुसला जातो, आतल्या साठ्यातल्या फोटोंसकट. व्हॉट्सॲपचा बॅकअप, फोटो, ओटीपीची ॲप्स, सगळं आधी बाहेर काढा. गुगल खात्याचा पासवर्ड पाठ आहे ना, तेही बघा. आईच्या फोनवरचं खातं भाच्याने उघडलेलं असतं आणि पासवर्ड कुणालाच आठवत नाही, हा प्रकार फार सर्रास.

फोन लागला पाहिजे

जिओचं जाळं सप्टेंबर 2016 मध्ये सुरू झालं ते 4जीवरच. त्यात 2जी-3जी नाहीच. म्हणजे रॉममध्ये व्होल्टी (4जीवरून कॉल करायची सोय) चाललं नाही तर नेट चालेल, पण जिओवरून कॉल ना येईल ना जाईल. व्होल्टीचा बराचसा भाग चिप कंपनीच्या बंद फायलींवर चालतो आणि कस्टम रॉममध्ये पहिल्यांदा तुटतो तो हाच. म्हणून रॉमच्या पानावरची त्रुटींची यादी वाचताना पहिला शब्द शोधायचा तो व्होल्टी, दुसरा वायफाय कॉलिंग. पावसात वीज दोन-दोन दिवस जाते, टॉवरचा बॅकअप संपतो; त्यात उरलेली एक काडीही कॉलला उपयोगी पडत नसेल तर रॉम कितीही देखणी असून काय करायची? 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने जमिनीवर आलं, तेव्हा कितीतरी गावांत वीज आणि रेंज दोन्ही गेली होती.

रॉम टाकून झाल्यावर डायलरमध्ये *#*#4636#*#* दाबा. फोनच्या माहितीत आयएमएसची, म्हणजे व्होल्टी ज्यावर चालतं त्या सेवेची, स्थिती दिसते. तिथे नोंदणी झाल्याचं दिसलं की व्होल्टी जागेवर आहे. मग दोन्ही सिमवरून एकेक खरा कॉल लावून बघा.

बँडचंही एक. बीएसएनएलचं 4जी 700 आणि 2100 मेगाहर्ट्झवर आहे. फोनच्या रेडिओत 700 चा बँड, म्हणजे बँड 28, नसेल तर कुठलीही रॉम तो आणून देत नाही.

आणि आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक. तो आणि रेडिओचं कॅलिब्रेशन फोनमधल्या वेगळ्या पार्टिशनमध्ये (साठ्याच्या कप्प्यात) असतं. क्वालकॉम चिपच्या फोनमध्ये मोडेमएसटी1, मोडेमएसटी2 आणि एफएसजी, सॅमसंगमध्ये ईएफएस. पर्सिस्टमध्ये सेन्सर आणि वायफायची मोजमापं. ही पार्टिशनं खराब झाली की सिम ओळखलं जात नाही, आणि दुसऱ्याच्या फोनवरून उसनी आणता येत नाहीत. कस्टम रिकव्हरी (अँड्रॉइड सुरू न करता रॉम टाकायची आणि बॅकअप घ्यायची सोय) चालू झाली की रॉम टाकायच्या आधी यांचा बॅकअप घेऊन संगणकावर आणि पेनड्राइव्हवर ठेवा. दहा मिनिटांचं काम, पण बहुतेक जण नेमकं हेच टाळतात.

यूपीआयचं गणित

हर्णैच्या लिलावात मासळी घेतली आणि पैसे पाठवताना ॲप म्हणालं, हा फोन सुरक्षित नाही, तर? बँकांची ॲप्स गुगलच्या प्ले इंटिग्रिटीला विचारतात: फोन मूळ स्थितीत आहे का? अनलॉक बूटलोडरचं प्रामाणिक उत्तर "नाही" असं जातं. मे 2025 पासून अँड्रॉइड 13 आणि पुढच्या फोनना हे उत्तर हार्डवेअरमधल्या किल्लीने सही करून द्यावं लागतं, त्यामुळे पूर्वीच्या लपवाछपवीच्या युक्त्या कमी पडतात. उसन्या किल्ल्या वापरून काम चालतंही, पण गुगल त्या रद्द करतं आणि एका सकाळी सगळं बंद. ज्याचा धंदा यूपीआयवर आहे त्याने त्या फोनला हात लावू नये. दुसरा फोन असेल तर खुशाल. सिनेमाच्या ॲप्सचंही थोडं तसंच: अनेक फोनवर अनलॉकनंतर वाइडवाइनची (चित्रपटांची कॉपी रोखणाऱ्या कुलपाची) पातळी एल1 वरून एल3 वर येते आणि चित्र 480पी वर अडकतं.

रॉम कुठली

नावांच्या मागे लागू नका. लिनिएज ओएस डिसेंबर 2016 मध्ये, सायनोजेनमॉड बंद पडल्यावर, त्याच कोडवर उभी राहिली आणि आजही साधेपणासाठी पहिली बघावी अशी आहे. सीआरड्रॉइड, इव्होल्यूशन एक्स यांत जास्त बटणं, जास्त रंगरंगोटी. ग्राफीनओएस फक्त पिक्सेलसाठी. पिक्सेल एक्स्पिरियन्स भारतात भलतीच लोकप्रिय होती, पण 2024 मध्ये थांबली. तिच्या जुन्या फाइल अजून फिरतात; त्या घेऊ नका, सुरक्षा पॅच तिथेच गोठलेले आहेत.

एकाच नावाची रॉम एका फोनवर लोण्यासारखी आणि दुसऱ्यावर रडकी असू शकते, कारण तुमच्या मॉडेलसाठी ती जुळवणारा माणूस वेगळा असतो. त्याला मेंटेनर म्हणतात. खरी निवड त्याची करायची. शेवटची बिल्ड, म्हणजे रॉमची तयार फाइल, कधीची? महिना-दीड महिन्यात काही हालचाल आहे का? कर्नलचा सोर्स उघड आहे का? लिनक्स कर्नल जीपीएल परवान्याखाली असल्याने सोर्स देणं बंधनकारक आहे. तो लपवणाऱ्यावर बाकी कशासाठी भरवसा ठेवायचा? त्रुटींच्या यादीत नुसतं "तुम्हीच सांगा" लिहिलं असेल तर ती यादी नव्हे, आळस आहे. आणि एसईलिनक्स (ॲप्सना हद्दीत ठेवणारी सुरक्षा) परमिसिव्ह लिहिलं असेल तर पान बंद करा. म्हणजे दरवाजाला कडीच लावलेली नाही.

कोडनेम, म्हणजे फोनचं कंपनीतलं आतलं नाव, मात्र अक्षर न अक्षर जुळवा. भारतात विकला गेलेला रेडमी नोट 9 प्रो म्हणजे कर्टाना. परदेशात त्याच नावाने विकला गेलेला फोन जॉयूज. खोक्यावर नाव एक, आतला फोन वेगळा. चुकीची फाइल टाकली तर रिकव्हरी बहुतेक वेळा एरर 7 देऊन थांबते, आणि ते बरंच असतं. ती तपासणी काढून टाकायचा सल्ला इंटरनेटवर मिळतो, ऐकू नका.

फर्मवेअरही बघा. रॉमच्या पानावर अमुक फर्मवेअर हवं असं लिहिलेलं असतं. ते जुनं असेल तर आवाज नाही, बोटाचा सेन्सर नाही, किंवा लोगोवरच फेऱ्या. पण उलट दिशेने, म्हणजे जुनं फर्मवेअर परत टाकायला, फार जपून. शाओमीने 2018 पासून काही मॉडेलवर अँटी-रोलबॅक, म्हणजे मागे जायला बंदी, आणलं. त्यावर जुनी रॉम टाकली तर फोन दगड होतो.

एक मर्यादा ओळखून असा. कस्टम रॉम अँड्रॉइडचा पॅच ताजा करते, पण चिपच्या बंद ड्रायव्हरचा पॅच कंपनीने सोडला तिथेच राहतो. नोट 9 प्रोचा कर्नल 4.14 या मालिकेतला. लिनक्सकडून तिची देखभाल जानेवारी 2024 मध्ये संपली. पुढचे दुरुस्तीचे तुकडे कुणीतरी हाताने आणून जोडावे लागतात.

टाकताना

लॅपटॉप घ्या, डेस्कटॉप नको. पावसाळ्यात महावितरणचा भरवसा किती ते सांगायला नको. रॉम किंवा कर्नल जाताना वीज गेली तर फोन सहसा वाचतो, कारण बूटलोडर शाबूत असतो. फर्मवेअर किंवा खुद्द बूटलोडर लिहिताना गेली तर नाही. फोन किमान 60 टक्के चार्ज हवा. केबल आखूड आणि डेटाची. समुद्राकाठी यूएसबीच्या तोंडात खारट ओल बसते आणि पिनांवर हिरवट थर चढतो. चार्जिंग होतं पण डेटा मध्येच तुटतो. फोन बंद करून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलावलेल्या लाकडी काडीने साफ करा आणि वाळू द्या. फास्टबूट (संगणकावरून फोनमध्ये थेट फाइल लिहायची अवस्था) यूएसबी 3 च्या पोर्टवर अडखळत असेल तर यूएसबी 2 चं पोर्ट किंवा हब वापरा.

बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करून डेव्हलपर पर्याय उघडा, ओईएम अनलॉकिंग आणि यूएसबी डीबगिंग चालू करा. अनलॉक झाल्यावर रॉमच्याच पानावर दिलेली रिकव्हरी फास्टबूटने टाका. ती रिकव्हरी पार्टिशनमध्ये जाते, बूटमध्ये की व्हेंडरबूटमध्ये, हे फोनवर अवलंबून आहे. शेजाऱ्याच्या फोनची कमांड उचलू नका. फाइलचा एसएचए-256, म्हणजे ती अर्धवट किंवा बदललेली नाही हे सांगणारा आकडा, जुळवा. मग रिकव्हरीतून डेटा फॉरमॅट करा. नुसतं वाइप पुरत नाही, कारण जुना डेटा कंपनीच्या रॉमच्या किल्लीने बंद आहे आणि नवी रॉम तो उघडू शकत नाही; लोगोवर अडकलेल्या फोनमागे बऱ्याचदा हेच निघतं.

साइडलोड करताना (केबलने संगणकावरून रॉम पाठवताना) संगणकावर आकडा 47 टक्क्यांवर थांबलेला दिसतो. घाबरू नका, केबल ओढू नका. तो तसाच दिसतो, फोनच्या पडद्यावरचा निरोप खरा मानायचा. गुगलची ॲप्स रॉममध्ये नसतील तर त्याच अँड्रॉइड आवृत्तीची फाइल पहिल्या बूटच्या आधी टाका. नंतर टाकली तर प्ले सर्व्हिसेस सारखी कोसळते. पहिला बूट दहा-पंधरा मिनिटं घेऊ शकतो. आणि सगळं छान चाललं म्हणून बूटलोडर परत लॉक करू नका. ग्राफीनओएस घातलेल्या पिक्सेलची गोष्ट वेगळी. बाकी बहुतेक ठिकाणी कस्टम रॉमवर लॉक म्हणजे बंद फोन.

कर्नलला हात कधी लावायचा

बहुतेकांनी लावूच नये. चांगल्या मेंटेनरने रॉमसोबत दिलेला कर्नल त्या रॉमशी मापात शिवलेला असतो. वेगळा कर्नल घ्यायचा तर कारण हवं: रॉमच्या कर्नलमधली नेमकी एखादी चूक, नवे सुरक्षा तुकडे, किंवा एखादी खास सोय. उदाहरणार्थ, होमस्टेमध्ये जुना फोन कायम चार्जरला लावून हॉटस्पॉट म्हणून ठेवायचा असेल तर चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवणारा कर्नल कामाचा. लिनिएज ओएसमध्ये काही फोनवर ही सोय आधीच असते, तेव्हा आधी सेटिंग बघा.

जाहिरातीत मिरवल्या जाणाऱ्या बाकी गोष्टींचा अर्थ असा. गव्हर्नर प्रोसेसरचा वेग कधी वाढवायचा ते ठरवतो. शेडयुटिल हा गव्हर्नर 2016 मध्ये लिनक्स 4.7 सोबत आला आणि आजच्या बहुतेक फोनना तोच योग्य. परफॉर्मन्सवर ठेवलं तर वेग कायम टोकाला आणि फोन तापलेला. झेडरॅम म्हणजे रॅममधलाच एक भाग दाबून भरण्यासाठी राखणं: 4 जीबीच्या फोनला 2 जीबी ठीक. एलझेड4 पद्धत झटपट, झेडएसटीडी जास्त दाबते पण प्रोसेसरला राबवते. ओव्हरक्लॉक करून मिळणारा फायदा हाताला जाणवत नाही, उष्णता जाणवते. तापमानाची मर्यादा वर सरकवलेला कर्नल तर कोकणातल्या मे महिन्यात नकोच. दमट हवेत फोन आधीच निवत नाही, आणि 45 अंशांच्या वर लिथियम बॅटरी चार्ज करणं म्हणजे तिचं आयुष्य कापणं.

जुळणी बघताना तीन प्रश्न. कर्नल कंपनीच्या रॉमसाठी आहे की एओएसपीवर (गुगलच्या खुल्या मूळ अँड्रॉइडवर) बांधलेल्या रॉमसाठी? अदलाबदल झाली तर कॅमेरा, बोटाचा सेन्सर, व्हायब्रेशन यांपैकी काहीतरी जातं. अँड्रॉइडची आवृत्ती तीच आहे का? वायफायचं मोड्यूल (ड्रायव्हर) वेगळ्या पार्टिशनमध्ये असेल आणि त्याची आवृत्ती कर्नलशी जुळली नाही, तर वायफायचं बटण दाबलं तरी परत बंद होतं. तिसरा प्रश्न कुणी विचारतच नाही: स्क्रीन बदललेली आहे का? पडून फुटलेल्या फोनला बाजारात कॉपी डिस्प्ले बसवतात. मूळ कर्नलवर तो चालतो, पण कस्टम कर्नलमध्ये त्या टचचा ड्रायव्हर नसला तर चित्र दिसतं आणि बोट चालत नाही. हातबदल होऊन आलेल्या फोनबद्दल हे आधी विचारून घ्या.

कर्नल टाकण्याआधी सध्याच्या रॉमच्याच, त्याच तारखेच्या बिल्डमधून बूट आणि डीटीबीओच्या (कर्नलच्या आणि त्याच्या हार्डवेअरच्या यादीच्या) इमेज काढून संगणकावर ठेवा. एनीकर्नल3 पद्धतीची झिप बूट इमेज उघडून आतला कर्नल तेवढा बदलते. फोन लोगोवर अडकला तर बहुतेक फोनवर व्हॉल्यूम डाउन आणि पॉवर धरून फास्टबूटमध्ये जा, त्या दोन इमेज परत टाका, फोन पूर्ववत होतो. डेटा जात नाही. दोन स्लॉटच्या (सिस्टिमच्या दोन प्रती ठेवणाऱ्या) फोनवर चालू स्लॉट कुठला ते आधी विचारून घ्या, नाहीतर इमेज भलत्याच स्लॉटमध्ये जाते. रॉमचा प्रत्येक अपडेट स्वतःचा कर्नल परत आणतो, म्हणजे तुमचा पुन्हा टाकावा लागतो आणि इमेजही नव्याने काढून ठेवाव्या लागतात.

नव्या रॉमचा किंवा कर्नलचा पहिल्या दोन दिवसांतला बॅटरीचा आकडा धरू नका. ॲप्स पुन्हा बसत असतात, फोटोंची यादी बनत असते. तिसऱ्या रात्रीपासून एअरप्लेन आणि सिम अशी दोन रात्रींची मोजणी पुन्हा करा, फोन त्याच खिडकीशी ठेवून.